बघत बसलेल्यांशी बोल

लातूर

चि. माऊ,


तुझं पत्र काल दुपारी मिळालं. आधी तुझ्या बाबांना फोन करणार होते, पण तू मला लिहिलंस, म्हणून उत्तरही तुलाच. ऊसतोडीहून परत आलेल्या त्या मुलाला वर्ग ‘कोयत्या’ म्हणून हाक मारतो. मधल्या सुट्टीत त्याचा डबा ह्याच्याकडून त्याच्याकडे फेकला जातो, भाकरी मातीत पडते. बालसभेत तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, सातवीत कुणाला जातीवरून, रंगावरून, आईबापाच्या कामावरून नावं ठेवायची नाहीत. ठराव झाला, टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तुझंच नाव ‘गांधीबाई’ पडलं. आता विचारतेस, ‘आत्या, मी गप्प बसू का?’

बसू नकोस. पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली, ती आधी सांगते. डबा फेकणारे तिघं कोण, ते काय बोलले, कसे हसले, हे तू दोन पानं लिहिलंस. वर्गातल्या उरलेल्या मुलामुलींविषयी मात्र एकच ओळ: ‘बाकीचे नुसते बघत होते.’ माझ्या मते सगळा प्रश्न ह्या ओळीत आहे. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली नावाच्या संशोधक आहेत. शाळेत मुलं एकमेकांना छळतात त्याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यातून ‘किवा’ नावाचा कार्यक्रम उभा राहिला आणि २००९ पासून तो तिथल्या शाळांमध्ये पसरला. त्यांचं सांगणं असं की छळणाऱ्याला बहुतेक वेळा वर्गात आपला रुबाब वाढवायचा असतो. भोवतीचे हसले की त्याला चेव येतो. त्यांनी हसायचं सोडलं, दोघं जण त्या मुलाशेजारी जाऊन बसले, की ह्या खेळातली मजाच जाते. म्हणून त्या तिघांना उपदेश करत फिरू नकोस. बघत बसलेल्यांपैकी कुणाला हे आवडत नाही ते शोध. असतात ती लेकरं, फक्त प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच आहोत.

तुला आठवतं का, आपण नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो होतो आणि तू भिंतीवरच्या तलवारींविषयी विचारत होतीस? गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला आले आणि तिथंच त्यांनी देह ठेवला, एवढं तेव्हा सांगितलं होतं. भाई कन्हैय्यांची कथा राहून गेली. आनंदपूरच्या लढाईत हा माणूस खांद्यावर पखाल घेऊन जखमींना पाणी पाजत फिरायचा, आपल्याही आणि शत्रूच्याही. लोकांनी गुरूंकडे तक्रार केली की हा वैऱ्याला उठवून पुन्हा आपल्यावर घालतोय. गुरूंनी बोलावून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, मला सगळ्यांच्या चेहऱ्यात तुम्हीच दिसता. परंपरा सांगते की गुरूंनी त्याच्या हाती मलमाची डबी दिली आणि म्हणाले, नुसतं पाणी नको, आता मलमपट्टीही कर. तक्रार घेऊन गेलेले लोक दुष्ट नव्हते गं. त्यांची माणसं मरत होती. तुझ्यावर हसणाऱ्यांकडेही तू तसंच बघावंस असं मला वाटतं.

कारण चांगली माणसं कशी होऊन जातात ते मी लातुरात डोळ्यांनी पाहिलंय. २०१६ चा मार्च. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले ते लोक मोजायचंही विसरले होते. टँकर भरायच्या टाक्यांभोवती प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली, पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही म्हणून. आमच्याच गल्लीतल्या, एरवी एकमेकींकडे विरजण मागणाऱ्या बाया घागरींवरून एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या. आपल्या वाटचं पाणी जाईल ही भीती होती ती. मग एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शहराला ते पुरणार नव्हतं, पण कृष्णाकाठच्या माणसांनी आपल्याला पाणी धाडलं ह्यानं काहीतरी सैल झालं. त्यानंतर आमच्या गल्लीत म्हाताऱ्यांची घागर आधी भरायची असं ठरलं, आणि ते पाळलं गेलं.

शाळेतही अशी टंचाई असते, माऊ. पाण्याची नसली तरी नंबराची असते. आमच्या लातुरात गल्लोगल्ली क्लास आहेत, अकरावी-बारावीची हजारो लेकरं बाहेरगावाहून येऊन खोल्या करून राहतात. ‘लातूर पॅटर्न’नं कितीतरी गरीब घरांत डॉक्टर केले, ते मी नाकारणार नाही. पण शेजारी बसलेला मुलगा म्हणजे आपली एक जागा खाणारा, हे जेव्हा पाचवी-सातवीपासून कानावर पडायला लागतं, तेव्हा त्याचा डबा फेकणं अवघड राहत नाही.

तू लिहितेस, सरांनी त्या तिघांना चांगलं चोपलं असतं तर बरं झालं असतं. नाही बाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायलाही बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी इतकी वर्षं शिकवून मी हे सांगू शकते की मार खाल्लेलं पोर तो मार आपल्यापेक्षा लहानाला देतं. पण अहिंसा म्हणजे तू मध्ये पडून धक्के खायचे, असंही नाही. अंगावर हात पडला तर त्याच दिवशी बाईंना सांगायचं. त्याला चुगली म्हणणाऱ्यांना म्हणू दे.

न मारता मुलांना एकमेकांशी नीट वागायला शिकवायचं काम आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. घरं-माणसं गमावलेली सुमारे बाराशे लेकरं भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी शिकायला पुण्याजवळ वाघोलीला नेली. पुढं त्यांनीच २००९ साली बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या पाचशे शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला आणि नंतर तो राज्यभर गेला. त्यातला ‘शांतता संकेत’ मला फार आवडायचा. वर्गात गोंगाट झाला की बाईंनी ओरडायचं नाही, टेबलावर पट्टी आपटायची नाही. नुसता हात वर करायचा. ज्याला दिसेल त्यानं बोलणं थांबवून आपलाही हात वर करायचा. पहिल्यांदा दोन हात वर होतात, मग दहा, मग सगळा वर्ग. एकानं दुसऱ्याला गप्प करायचं नाही, प्रत्येकानं आपलं आपण व्हायचं. तुझ्या बाईंना दाखव.

तू मागितलेले २ ऑक्टोबरच्या भाषणाचे मुद्दे मात्र मी पाठवणार नाही. भाषण चांगलं होईल, बक्षीसही मिळेल आणि तिथंच संपेल. त्यापेक्षा साने गुरुजींचं बघ. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात असताना ते छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. तू आठवड्याला एक पान काढ आणि फळ्याशेजारी लाव. ह्या आठवड्यात कुणी कुणाला वही दिली, कोण कुणाशेजारी बसलं, एवढंच लिही. वाईट वागणाऱ्याचं नाव त्यात घालायचं नाही. आणि पहिल्या पानासाठी त्या मुलाला विचार, फडावर पहाटे उठून तो काय काय करायचा. उसाचं वाढं कसं बांधतात, बैलांना पाणी कुठं पाजतात, हे तुमच्या अख्ख्या वर्गात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. पण आधी त्याची परवानगी घे. नको म्हणाला तर विषय सोड.

एक काम घाईचं आहे. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतील, आणि कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत ते पोर पुन्हा फडावर राहील. आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं चालवतात. त्यात मूल गावातच राहून शाळा शिकतं, जेवणाची सोय होते. कंधारात तुमच्या शाळेला ती सोय आहे का, हे बाबांना घेऊन मुख्याध्यापकांना विचार. त्याच्या घरी कोण म्हातारं माणूस मागं राहतं तेही विचारून ठेव. हे सगळं गाड्या लागायच्या आत व्हायला हवं. काय म्हणाले ते लगेच कळव, गरज पडली तर मी येऊन बोलेन.

तुझी,
आत्या