कोपरा कापलेला पासपोर्ट

परवा कपाट आवरताना दागिन्यांच्या डब्याखाली लेकीचा जुना पासपोर्ट हाताला लागला. निळ्या कव्हरचा, वर तीन सिंहांची मुद्रा. त्याचा कोपरा कापलेला आहे आणि आत 'रद्द' असा शिक्का. मागच्या खेपेला ती तो इथंच ठेवून गेली. "तिकडं घर बदलताना हरवायचा, आई. तुझ्यापाशी असू दे," म्हणाली.

आपल्याला वाटतं, माणूस विमानात बसला की परदेशी गेला. तसं नसतं. हा कोपरा कापला जाईपर्यंत सहा वर्षं गेली, आणि त्यातलं निम्मं तर आम्हा आईबापांना कळलंही नाही.

आमच्या गल्लीतून परदेशी जाणं नवीन नाही. आखातात गेलेले ड्रायव्हर, वेल्डर दोन-तीन वर्षांनी सुट्टीला यायचे. त्यांचा व्हिसा मालकाच्या हातात. नोकरी संपली की घरी परत. तिथं जन्म काढला तरी तिथलं होण्याची आशा नसे. घाटाखाली गोव्यात आणखी वेगळं. 19 डिसेंबर 1961 पूर्वी तिथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. असे कागद करून ब्रेक्झिटच्या आधी कितीतरी गोवेकर इंग्लंडला पोचले.

माझ्या लेकीला यातलं काहीच लागू नव्हतं. पोटासाठी गेली असंही म्हणता येत नाही. बेंगळूरला दोघांना चांगल्या नोकऱ्या होत्या. पण जावई कंपनीकडून तीन वर्षं अमेरिकेत राहून आले होते. तिथं नोकरीच्या वाटेनं कायमचं राहायचं कार्ड मागितलं, तर एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त येत नाहीत. आपली माणसं इतकी, की रांगेत दहा-दहा वर्षं जातात. तोवर नोकरी सुटली तर अख्ख्या संसाराचा मुक्काम हलतो. "असं टांगून राहायचं नाही," दोघांनी ठरवलं. कॅनडा मात्र पाय ठेवल्या दिवसापासून कायम वास्तव्य देतो, असं त्यांना कळलं.

2017 साली ती सुट्टीला आली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिनं मला सगळं समजावलं. एकूण बाराशे गुण. वय, शिक्षण, नोकरी, भाषा यांचे वेगवेगळे. वयाचे गुण तिशीपासून दरवर्षी कमी होतात, आणि तिला एकोणतिसावं सरत आलेलं, म्हणून घाई. दर काही आठवड्यांनी किती गुणांपर्यंतच्या लोकांना बोलावलं ते जाहीर होतं. मी शिक्षिका, त्यामुळं गुणांचं मला लवकर समजलं.

"भाषेचे किती?" मी विचारलं.

"इंग्रजीचे भरपूर. फ्रेंच येत असेल तर आणखी."

"आणि मराठी, कन्नड?"

"शून्य," ती हसत म्हणाली.

मला काही हसू आलं नाही. माझं माहेर धारवाडचं, घरात कन्नड. सासर शहापूरचं, मराठी. ही पोर बापाशी मराठीत, माझ्या आईशी कन्नडमध्ये आणि भांडताना दोन्हींत बोलत वाढली. ती सगळी कमाई त्या तक्त्यात कुठंच बसत नव्हती.

मग कागद सुरू झाले. इंग्रजीची परीक्षा, पदवीची पडताळणी, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी. तिथं गेल्यावर सुरुवातीला जगण्यापुरते पैसे बँकेत आहेत हेही दाखवावं लागतं, आणि ते कर्जाचे चालत नाहीत. तेव्हा आमच्या यांनी निवृत्तीच्या पैशातली एक ठेव मोडली आणि लेकीला बक्षीसपत्र लिहून दिलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं रागावले तेही हेच.

मार्च 2018 मध्ये ती दोघं टोरांटोजवळच्या मिसिसागाला पोचली. बेंगळूरला सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली माझी लेक, पण 'इथला अनुभव' नाही म्हणून पहिले पाच महिने एका दुकानात काउंटरवर उभी राहिली. आम्हाला फोनवर "ऑफिस चाललंय छान" म्हणायची. दुकानाचं मला दीड वर्षानं कळलं.

त्याच वर्षी, म्हणजे नोव्हेंबर 2019 मध्ये, यांची बायपास झाली. लेक बिनपगारी रजा टाकून आली. बापाला अंघोळ घालण्यापासून फिरायला नेण्यापर्यंत सगळं तिनं केलं. फेब्रुवारीत परत गेली, आणि लगेच कोरोनानं सगळे रस्ते बंद केले. नातू 2020 च्या शेवटी झाला, तो मी फोनवरच पाहिला. तिथं जन्मला म्हणून तो जन्मतःच तिथला नागरिक.

आणि 2023 च्या वसंतात एके संध्याकाळी मोबाईलवर फोटो आला. लेक आणि जावई उजवा हात वर करून लॅपटॉपसमोर उभे. मागं लाल पानाचा झेंडा. शपथविधी ऑनलाइन झाला होता. आम्हाला आधी एका शब्दानंही कळवलेलं नव्हतं.

भारत दोन नागरिकत्वं मान्य करत नाही. दुसऱ्या देशाची शपथ घेतली की आपलं नागरिकत्व तिथंच संपतं; पासपोर्ट परत करायचा, तो कोपरा कापून 'रद्द' होऊन हातात येतो. यांना हे ठाऊक होतं. कॅनडाच्या शपथेत राजा चार्ल्सच्या निष्ठेचे शब्द असतात, हे त्यांनी पेपरात वाचलं. माझे सासरे लहानपणी टिळकवाडीत भरलेलं 1924 चं काँग्रेस अधिवेशन वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेले. "बाबांनी गांधींना पाहिलं, आणि नात इंग्रजांच्या राजाची शपथ घेते," एवढंच हे बोलले. त्यानंतर जवळजवळ महिनाभर लेकीचा फोन आला की उठून परसात जायचे.

मलाही लागलं होतं. पण त्यांना परसात एकटं उभं बघून मला माझे अप्पा आठवले. 1984 साली माझं लग्न झालं, तेव्हा धारवाडच्या रेशनकार्डावरून माझं नाव कमी करून त्याचा दाखला इथं द्यायचा होता. अप्पा स्वतः कचेरीत गेले, दाखला घेऊन बेळगावला आले, यांच्या हातात दिला आणि चहासुद्धा न घेता परतीची गाडी धरली. माझं गाव बदललं, आडनाव बदललं, चुलीवरची भाषा बदलली. त्याला कुणी स्थलांतर म्हटलं नाही. जनगणनेत मात्र म्हणतात. बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण तिथं लग्न हेच दिसतं.

आणि घर न सोडताही माणसाचे कागद बदलतात, हे आपल्या भागात कुणाला सांगायला हवं का? सासऱ्यांचा जन्म शहापूरच्या याच घरात, सांगली संस्थानात. 1948 नंतर ते मुंबई राज्यात, 1956 पासून म्हैसूर राज्यात आणि 1973 पासून कर्नाटकात. उंबरा तोच होता.

हे सगळं मी यांना सांगून पाहिलं. ऐकून घेतलं, पण राग गेला नाही. तो गेला एका कागदानं.

2024 च्या नोव्हेंबरात लेक नातवाला घेऊन आली. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते कार्ड आता तिच्याकडं आहे. त्यावर जन्मभर येता-राहता येतं. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. एका रात्री जेवणं झाल्यावर बापानं शेवटी विचारलंच, "एवढी काय घाई होती?"

लेकीनं तिच्या फाइलमधून नागरिकत्वाच्या अर्जाची एक प्रत काढली. अर्ज करायला आधीच्या पाच वर्षांत 1095 दिवस त्या देशात राहिलेलं असावं लागतं. बाहेर काढलेला प्रत्येक दिवस तारखेनिशी लिहायचा, आणि तो वजा होतो. त्या यादीत एकच ओळ होती. भारत, 84 दिवस, वडिलांचं आजारपण.

"बाबा, तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशीसुद्धा माझ्या डोक्यात आकडा चालू होता. कायम वास्तव्याचं कार्ड टिकवायलाही पाच वर्षांत दोन वर्षं तिथं भरावी लागतात. उद्या तुम्हा दोघांपैकी कुणासाठी मला वर्ष-दोन वर्षं इथं राहावं लागलं, तर मला दिवस मोजायचे नव्हते. पोराची शाळा, तिथलं घर, हीही कारणं होती. नाही म्हणत नाही. पण आधी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मग मला जमलं नसतं."

हे बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चौऱ्याऐंशी? मला वाटलं, महिनाभर होतीस."

त्या खेपेला ती साडेतीन महिने राहिली. कुणी मोजले नाहीत. हे मी आत्ता तिकिटाच्या तारखा बघून लिहिते आहे. सगळं मिटलं असं मात्र मी म्हणणार नाही. निवडणुकीत मतदार यादी बघताना यांचं बोट अजून एका जागी थांबतं.

सांबऱ्याला विमानतळावर सोडायला गेलो, तेव्हा लेक वाकून नमस्कार करत बापाला "येते, बाबा" म्हणाली आणि मला "होगि बर्तीनि". आपल्या दोन्ही भाषांत निघताना परत येण्याचंच बोलतात. नातवानं हात हलवून "बाय" केलं. यांनी त्याला परत बोलावलं, खाली बसले आणि म्हणाले, "तसं नाही रे. येतो म्हण."

"येतो," तो म्हणाला.