पखालीचा संशय

सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचे एक पान दाबून बसवलेले असते. तेच हेड गॅस्केट; गॅरेजच्या भाषेत हेड पॅकिंग. भडकलेला वायू, पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांच्या घरात शिरू न देणे हे त्याचे काम. पेट्रोल इंजिनात मिश्रण पेटते तेव्हा आतला दाब हवेच्या दाबाच्या तीस-चाळीस पट होतो, आणि तिथून बोटभर अंतरावर पाणी फिरत असते. इतक्या पातळ पानाने इतकी वर्षे तग धरावा, हेच खरे आश्चर्य.

प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीत हे गॅस्केट बदलण्याचे काम घरी करता येण्याजोगे मानले जाते. फियाट ११०० च्या परवान्यावर मुंबईत कुर्ल्याला बनलेली ही गाडी. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असल्यामुळे हेड उतरवताना टायमिंग हलत नाही, ही मोठी सोय. टॅक्सी होती तोवर तिचा मिस्त्री नाक्यानाक्यावर मिळे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. उरलेल्या गाड्या जपणाऱ्यांना पाना स्वतःच हातात घ्यावा लागतो.

पण या कामाचा पहिला दिवस पान्याचा नसतो, संशयाचा असतो. गाडी पाणी खाते, पण जमिनीवर थेंब दिसत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन तापल्यावरही थांबत नाही. गार इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केली तर पाण्यात बुडबुडे उठत राहतात. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदमच पडलेले असते. यातले एकेक लक्षण फसवे असते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लोक गॅस्केट गेले म्हणून मोकळे होतात. पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तीच साय नुसत्या दमटपणाने धरते. म्हणून तीन-चार लक्षणे एका दिशेला बोट दाखवीपर्यंत थांबावे.

इथेच एक म्हण आडवी येते: दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला. पखाल म्हणजे जनावराच्या कातड्याची, पाणी वाहण्याची मोठी पिशवी. रेड्याच्या पाठीवरून ती दोन्ही कुशींवर लोंबे आणि पखाली ती विहिरीवर भरून घरोघर पाणी घाली. आजारी जनावराला तापल्या लोखंडाचा डाग देण्याची रीत होती. पुढे म्हणीत डागाच्या जागी औषध आले, औषधाच्या जागी इंजेक्शन आले, कुठे रेड्याची म्हैस झाली. पखाल मात्र कोणी बदलली नाही. म्हणीचा रोख सरळ आहे: आजारी कोण आणि उपचार कोणावर!

हा रोख एका गृहीतावर उभा आहे. पखाल म्हणजे मेलेले कातडे, तिला कसले दुखणे? पण म्हशीच्या जातीच्या जनावराला घाम बेताचाच येतो, कातडे काळे, ऊन सोसत नाही. डबके दिसले की ते त्यात जाऊन बसते. भरलेली पखाल पाझरते, तिच्या अंगावरचे पाणी वाऱ्याने उडत राहते आणि आतले पाणी गार होते. त्या ओल्या, गार कातड्याचा स्पर्श रेड्याच्या पाठीला आणि कुशींना होत असणारच. पखाल कोरडी पडली, शिवणीत उसवली, तर भर दुपारी आधी कोण कासावीस होईल? रेडाच. मग रेडा तापला म्हणून पखालीकडे वळणारा माणूस मूर्ख होता, असे ठामपणे म्हणता येईल का? डाग देणे चुकलेच. पण पाहणे चुकले असे वाटत नाही.

इंजिनाची पखाल म्हणजे रेडिएटर, होज पाइप, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट. रेडिएटर आतून चोंदला, झाकणाची स्प्रिंग मेली, फॅन बेल्ट सैल पडला की इंजिन उकळते. ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या दुपटीने पसरते: चाळीस सेंटिमीटरचा तुकडा सत्तर अंशांनी तापला तर ॲल्युमिनियम ०.६४ मिमी वाढते, बीड ०.३१. मधले गॅस्केट दर फेरीला या फरकात रगडले जाते; उकळी हद्दीबाहेर गेली की हेड वाकते आणि गॅस्केट हार खाते. उलटही खरे आहे. गॅस्केट आधी चिरले तर जळका वायू पाण्यात घुसतो, पाणी बाहेर ढकलतो आणि इंजिन उकळते. दोन्ही वाटा एकाच जागी येऊन मिळतात.

त्यापुढचे काम क्रमाचे आहे. इंजिन पूर्ण गार असावे. पाणी सोडावे, बॅटरीची जोडणी काढावी, मॅनिफोल्ड आणि रॉकर काढावेत. पुठ्ठ्याला आठ भोके पाडून, त्यांना आकडे घालून आठही पुशरॉड त्यात उभे करावेत. प्रत्येकाची जोडी आपल्याच टॅपेटशी घासून जमलेली असते. हेडचे नट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावेत. हेड चिकटले तर सांध्यात पेचकस घालून उचकटू नये. ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा पुढच्या गळतीची वाट होतो. जुन्या गॅस्केटात ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ते कोरडे खरवडू नये. ओले करून काढावे आणि मास्क लावावा.

मग हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी धरून खाली फीलर गेज सरकवून पाहतात. ०.०५ मिमीची पाती, केसाएवढी पातळ, अडखळत आत गेली तर विचार करावा लागतो, ०.१ ची सहज गेली तर हेड फेसिंगला जाते. हद्द प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि टॉर्कचा आकडाही तिथलाच घ्यावा. बसवताना क्रम उलटा: मध्यातून कडेला, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. शेवटी टॅपेटची फट आणि पाण्यातली हवा काढणे.

उतरवलेले गॅस्केट उजेडात धरले की दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवर बोटभर लांबीची काळी रेघ दिसते. वायू तिथून गेला, एवढे ती सांगते. आधी तो गेला की आधी पाणी उकळले, हे ती सांगत नाही. म्हणून जाणते लोक गॅस्केटबरोबर थर्मोस्टॅट, झाकण आणि होजही बदलतात, रेडिएटर धुऊन घेतात. हे योग्यच आहे. त्यानंतर गाडी बरी होते, आणि ती नेमकी कशाने बरी झाली हे कळायचे राहून जाते.