तोरणाची रेघ

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या हाताला कंप आहे. चित्रात पानं, वेल, कंद निभतात. अडतं ते कंदीलपुष्पाच्या तोरणापाशी.

फुलाच्या नळीच्या तळाशी, फुगीर भागात, हे तोरण असतं, जेमतेम काही मिलिमीटरचं. आतले खंड उभे. ते टोकाशी टेकतात की बाहेर झुकतात, बाहेरच्या खंडांना केस आहेत की नाहीत, हे पाहिल्याशिवाय जात नक्की होत नाही. दाबलेल्या नमुन्यात सगळं चपटं होतं, म्हणून मी स्पिरिटमधलं फूल उभं चिरून सूक्ष्मदर्शकाखाली काढते. कधी आत चिलट सापडतं. नळीतले केस खाली वळलेले, त्यामुळे वर येता येत नाही. केस सुकले की सुटका, तोवर परागपुंज सोंडेला अडकलेले. खंडाचा कल एकाच रेघेत यावा लागतो. पुन्हा गिरवली की रेघ जाड होते आणि खंड मेलेला दिसतो. हल्ली मी रेघ न देता फक्त ठिपक्यांनी कडा उभी करते. उजेडाची बाजू जमते, सावलीची नाही.

लिनियसने 1753मध्ये मांडलेल्या सेरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्पाच्या, प्रजातीत 2017मध्ये ब्रॉइन्स आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे ब्रॅकिस्टेल्मा आणि माकडशिंगीची कॅरालुमासुद्धा घातली. जाती सातशेवर गेल्या. पुष्कळांना ते रुचलं नाही, मला पटलं; तिघींची तोरणं शेजारीशेजारी काढली तर नातं दिसतं. फूल न उघडता फोटोवरून जात सांगणाऱ्यांचा मात्र मला मनापासून राग येतो.

शिवऱ्यात माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी फोटो सुरेख काढते. पण फोटोत त्या दिवशीचं ते एकच फूल येतं. सिंहगडावरच्या सेरोपेजिया मॅकॅनीचं चित्र करताना अनेक फुलांत जे कायम आहे, तेवढंच घ्यायचं असतं. हे तिला कळलंय, आणि तिचा हात स्थिर आहे.

कोपऱ्यातल्या सहीचा मला फार मोह आहे. माझं तोरण पाहून अभ्यासकांनी सही न वाचताच मला ओळखावं, अशी इच्छा मी आयुष्यभर बाळगली. तरी येत्या भाद्रपदात सावलीकडचे दोन खंड मी तिला देणार आहे. उरलेले तीन मीच काढीन.