मोनोचे खांब

आमच्या उर्दू शाळेच्या स्टाफरूमला एकच खिडकी, आणि खिडकीत मोनोरेलचे खांब. वडाळा ते चेंबूर हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. आमच्या अँटॉप हिलवरून जेकब सर्कलकडे जाणारा दुसरा मात्र रखडला. मधल्या सुट्टीत डबा उघडायचा आणि काम कुठवर आलं ते पाहायचं, हा आम्हा चौघींचा शिरस्ताच पडला.

पाचवीतल्या एका मुलीने तर वहीच घातली होती. कुठल्या खांबावर तुळई चढली, कुठला अजून बोडका, सगळी नोंद. ही गाडी रुळांवर नाही, काँक्रीटच्या एकाच तुळईला दोन्ही बाजूंनी कवटाळून रबरी टायरांवर धावते, हे आम्ही फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा तिने ते चित्रही वहीत उतरवलं.

२०१७ मध्ये ती दहावी पास झाली, चांगल्या मार्कांनी. कॉलेज दादरला. अब्बा म्हणाले, "बसच्या गर्दीत नाही पाठवणार. मोनो होऊ दे, मग बघू." आम्हीही मान डोलावली. वर्षभराचा तर प्रश्न! पहिले आठ दिवस आमच्यापैकी एखादी तिच्यासोबत बसने गेली असती तरी काम झालं असतं, हे तेव्हा एकीलाही सुचलं नाही. नोव्हेंबरात म्हैसूर कॉलनी स्टेशनात गाडीला आग लागली आणि चालू असलेला टप्पाही सप्टेंबर २०१८ पर्यंत बंद पडला. अब्बांना आयतंच कारण मिळालं.

३ मार्च २०१९ रोजी दुसरा टप्पा सुरू झाला. आम्ही हौसेने दादरला जाऊन आलो. अवघं तिसरं स्टेशन! डब्यात बसायला जागाच जागा. परतताना कुणी फारसं बोललं नाही. मुलगी घरात जरीकाम करत होती.

२० सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्या आणि सिग्नलच्या कामासाठी मोनो पुन्हा थांबवण्यात आली. त्याच सुमारास ती शाळेत आली. लग्न झालेलं, कडेवर मूल. दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसायचं म्हणे.

"आणि कॉलेजात जायचं झालं तर?" आम्ही विचारलं.

"बसने जाईन, बाजी."

वहीचं विचारायचं राहूनच गेलं.