हाकेच्या अंतरावर

दिल्लीतील आमच्या घराच्या खोल्या एकामागून एक अशा आहेत. आईची खोली अगदी मागे, आणि भाषांतराचे कागद पसरून मी बसतो ती पुढे. मधले अंतर जेमतेम तीस पावलांचे. परंतु आईने सत्तरी ओलांडली आहे, तिचे गुडघे दुखतात, आणि हाक मारण्याचा तिला मुळातच संकोच. म्हणून मी एक बिनतारी घंटा आणली. कळ तिच्या उशाशी, घंटा माझ्या खोलीत. आपले कर्तव्य पार पडले, या समाधानात मी राहिलो.

एके पहाटे आई न्हाणीघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसलेली आढळली. रात्री तिने तीनदा कळ दाबली होती. कोणी येईना, तेव्हा ती एकटीच उठली आणि तिचा पाय मुरगळला. "तुझी झोप मोडली नाही, हे बरेच झाले," एवढेच ती म्हणाली. ते शब्द मला फार लागले.

त्याच दिवशी मी बाजारातून मिळाली तेवढी लांब अँटेना आणून घंटेला जोडवून घेतली. लांबी अधिक तर पल्ला अधिक, असा माझा हिशेब! घंटेला तर पूर्वीपेक्षाही कमी ऐकू येऊ लागले.

शेजारी एक रेडिओ-अभियंते राहतात. ते हसून म्हणाले, "अहो, लांबी लहरीच्या मापाची हवी." घंटेच्या पाठीवर ४३३ मेगाहर्ट्‌झ असा आकडा होता. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर. त्यावरून या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर येते. तिचा चतुर्थांश, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटर सरळ तार, या कामास पुरते. ८६६ मेगाहर्ट्‌झच्या उपकरणास साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास, आणि २४०० मेगाहर्ट्‌झच्या उपकरणास तीनच सेंटिमीटर पुरतात.

आणखी दोन चुका त्यांनी दाखविल्या. घंटा लोखंडी कपाटाला चिकटून होती, आणि धातू अशा लहरींची वाट अडवितो. शिवाय घंटेची तार उभी, तर कळ उशाशी आडवी पडलेली. दोघींच्या तारा एकाच दिशेस असल्या म्हणजे संदेश बळकट पोहोचतो.

१८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यास अशाच अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. हे मला ठाऊक होते. घरातली घंटा का वाजत नाही, हे मात्र मी कधी पाहिले नव्हते.

आम्ही तार मापाने कापली, घंटा लाकडी फळीवर ठेविली आणि कळ आईच्या पलंगाशेजारी भिंतीवर उभी बसविली. आता दररोज रात्री मी आईच्या खोलीत जातो, कळ दाबतो, आणि पुढच्या खोलीतून नाद आला की निश्चिंत होतो. परवा आई म्हणाली, "घंटा वाजते हे कळले रे. आता जरा बैस."

मी बसलो. कागद सकाळपर्यंत तसेच राहिले.