काळा पाषाण, तांबडा जांभा

१९७२च्या दुष्काळात माणदेशातल्या आमच्या रानातली विहीर खोल करायला काढली, तेव्हा मी सात वर्षांची होते. दादा मला काठाकडे फिरकू देत नसत, म्हणून मी बाहेर टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाशी खेळायचे. विहीर खोदणाऱ्या वडारांतले एक म्हातारबाबा दुपारी तिथेच टेकायचे. ढिगाकडे बोट दाखवून त्यांनी माझ्याकडून क्रम पाठ करून घेतला होता. सगळ्यांत खाली काळी माती, तिच्यावर मुरूम, मग मांजऱ्या, अगदी वर काळा पाषाण. विहिरीत हाच क्रम उलटा. "मांजऱ्यात पाणी गावतं, पोरी. पाषाण लागला की बार भरायचा."

पुढे भूविज्ञान शिकताना हेच थर इंग्रजी नावांनी भेटले. म्हातारबाबांच्या सांगण्यात दुरुस्ती करावी असं काही निघालं नाही. भर एवढीच पडली, की ही चार वेगळी द्रव्यं नव्हतीच. मांजऱ्या म्हणजे लाव्ह्याचा बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला माथा, आणि मुरूम व माती म्हणजे तोच खडक वरून कुजत आलेला.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या बेसॉल्टचा, म्हणजे आमच्या काळ्या पाषाणाचा आहे. सह्याद्रीच्या अंगावर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे हेच थर. माथ्याकडच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत झिरपत्या पाण्यानं गारगोटी, स्टिल्बाइट, अपोफिलाइट असे स्फटिक भरले. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींतले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत.

मला त्यांच्याहून प्रिय आहे तो दोन थरांमधला गेरूच्या रंगाचा पट्टा. दिवे घाटासारख्या रस्त्यांवर डोंगर कापलेला असतो तिथे तो दिसतो. एक लाव्हा निवला, ऊनपावसानं त्याची माती होऊ लागली, आणि नवा लाव्हा येऊन त्या मातीवर बसला. काही ठिकाणी ती विटेसारखी भाजून निघाली. खडकाची माती आणि मातीचा पुन्हा खडक, एवढं सगळं हातभर जाडीत! विद्यार्थ्यांना घेऊन गेले की मी आधी त्यांना त्या पट्ट्यावर हात ठेवायला लावते.

कारण शाळेतल्या चित्राशी माझं जुनं भांडण आहे. अग्निजन्य खडक, मग गाळाचा, मग रूपांतरित, मग वितळून पुन्हा अग्निजन्य, असे बाण काढलेलं ते गोल चित्र. मुलांना वाटतं, प्रत्येक दगड हा फेरा नेमानं पुरा करतो. प्रत्यक्षात दगडाला ठरलेला रस्ता नसतो. तो कुठे पडला आहे, त्याच्यावर किती पाऊस पडतो, त्याच्यावर किती ओझं आहे, यावर त्याचं पुढचं ठरतं.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्या माणात पाचशेच्या आसपास. दोन्हीकडे खडक बेसॉल्टच. त्यात वजनाच्या जवळजवळ निम्मी सिलिका, उरलेल्यात लोह, अॅल्युमिनियम, चुना, मॅग्नेशियम. माणात पाणी इतकं कमी, की खडकातून सुटलेला चुना फार लांब जातच नाही. तो मातीतच खड्याखड्यांनी साठतो. शेतकरी त्याला चुनखडी म्हणतात. सिलिका चिकणमातीत अडकून राहते. ही चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून चैत्र-वैशाखात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

घाट उतरून कोकणात गेलं की हिशेब बदलतो. तिथला पाऊस चुना, सोडियम, मॅग्नेशियम तर धुऊन नेतोच, हळूहळू सिलिकाही नेतो. सहजी न विरघळणारं लोह आणि अॅल्युमिनियम मागे उरतं. तोच आपला जांभा. अॅल्युमिनियम फार वाढलं तर बॉक्साइट. चिरेखाणीतून निघालेला ओला चिरा हत्यारानं सहज तासता येतो आणि हवेत वाळला की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये केरळातल्या अशाच खडकाला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून लॅटेराइट म्हटलं. पाचगणीचं टेबललँड सपाट राहिलं तेही डोक्यावरच्या जांभ्याच्या टोपीमुळे.

मग धुऊन गेलेल्या चुन्याचं काय होतं? तो विरघळून समुद्रात जातो आणि शिंपले त्यातून कवचं बांधतात. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी ही फुटकी कवचं आणि वाळू चुन्यानंच सांधून एक खरबरीत दगड झाला आहे. तिथले लोक त्याला करळ म्हणतात. भूविज्ञानाच्या मापानं तो अगदी कालचा, काही हजार वर्षांचा. करळीचा तुकडा हातात घेतला की मला त्यात डोंगर दिसतो.

याच्या अगदी उलट गोष्ट कोयनेला जमिनीच्या पोटात सापडली. तिथे भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधन झालं. सुमारे ९३० मीटरला बेसॉल्ट संपला आणि लगेच ग्रॅनाइट व पट्ट्यापट्ट्यांचा नाइस लागला, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मध्ये गाळाचा थर नाही. असा खडक जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल घडतो. लाव्हा आला तेव्हा तो उघडा पडलेला होता, म्हणजे त्याच्यावरचं सगळं त्याआधीच झिजून वाहून गेलं होतं. किती डोंगर होते, कसे होते, याचा तिथे मागमूस नाही. त्या बातमीनंतर कित्येक दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

रूपांतरित खडक उघड्यावर पाहायचा तर विदर्भात जाता येतं. नागपूर-भंडाऱ्याकडे जुन्या समुद्राच्या तळावरचा मँगनीजचा गाळ खोल गाडला गेला आणि दाब व उष्णतेनं त्याचा गार्नेट-क्वार्ट्झचा टणक खडक झाला. भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड लोकांवरून त्याला गोंडाइट नाव दिलं. तो न वितळताच पुन्हा वर आला आणि आता तिथल्या पावसात झिजतो आहे.

आमच्या विहिरीचा ढीग अजून बांधालगत आहे. पाषाणाचे तुकडे जसेच्या तसे आहेत, एकावर तर बार भरायला पाडलेल्या भोकाची अर्धी खोबण स्पष्ट दिसते. मांजऱ्याचे पापुद्रे मात्र कांद्यासारखे सुटले आहेत, मुठीत दाबला की भुगा होतो. परवाच्या उन्हाळ्यात भावानं त्यातलाच ट्रॉलीभर भरून वस्तीच्या रस्त्यावर मुरूम म्हणून पसरला.