साखरपट्ट्यातील बाहेरचे खाणे

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले की नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला उसाचा हिरवा पट्टा दोन्ही बाजूंनी सोबत करू लागतो. करंजेपूल आले की सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याचे धुराडे दिसते. करंजे येथील प्राचीन सोमेश्वर मंदिरावरून कारखान्याला नाव मिळाले आणि कारखान्यावरून वसाहतीला ‘सोमेश्वरनगर’ हे नाव रूढ झाले. शहरातून येणारे तरुण नातेवाईक अलीकडे येथे उतरताच विचारतात, “इथे बसून काही खाण्यासारखे काय आहे?” त्यांच्या मनात कॅफे असतो, बेकरी असते, परदेशी जाऊन आलेल्यांच्या मनात स्पेनमधील तापास बारही असतो. या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपल्या भागात माणसे घराबाहेर केव्हा, कोठे आणि कोणाच्या भरवशावर खाऊ लागली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

साखरपट्ट्यात खाण्याच्या धंद्याचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालत नाही, ते गळीत हंगामाप्रमाणे चालते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोळी टाकली जाते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चरक फिरत राहतो. या काळात रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या यांची रांग लागते आणि चहाची हॉटेले पहाटेपासून गजबजतात. आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे चार बाकडी, एक शेगडी, काचेच्या कपाटातील शेव-पापडी आणि भिंतीवरची देवाची तसबीर. वडापाव, मिसळ, भजी आणि बाजारच्या दिवशी भेळभत्ता, एवढाच तेथील पदार्थांचा पसारा. बँकेत कर्जविभाग सांभाळताना अशा हॉटेलांच्या उलाढालीचा आलेख मला तोंडपाठ झाला होता. पहिली उचल शेतकऱ्यांच्या खात्यात जमा झाली की आठवड्याभरात हॉटेलवाल्याचा भरणा वाढे. उन्हाळ्यात कांडेबिल आणि दिवाळीला अंतिम हप्ता मिळाला की पुन्हा तीच चढती रेघ दिसे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पुरविल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. परंतु प्रत्यक्षात गावाचे पोट या हप्त्यांच्या चालीने चालते. मधल्या कोरड्या महिन्यांत गिऱ्हाईक आणि मालक यांच्यात एक वही असे. तिच्यावर कोणाची सही नसे, जामीनदार नसे, तरीही तिच्यातील बुडीत रकमेचे प्रमाण आमच्या कित्येक कर्जखात्यांपेक्षा कमी असे. आज त्या वहीची जागा भिंतीवरील क्यूआर कोडने घेतली आहे. व्यवहार चोख झाला, यात शंका नाही. मात्र ‘पुढच्या हप्त्याला देतो’ हे वाक्य ऐकून मान डोलावणारा यंत्रात बसत नाही.

याच रस्त्यावर एक मोठा वर्ग असा आहे की जो क्वचितच बाकावर बसतो. बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून कोयता घेऊन येणारी ऊसतोड कुटुंबे तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापतात आणि हॉटेलातून फार तर चहा आणि मुलांसाठी बटर नेतात. पाहुण्यांशी आपल्या भागाच्या खाद्यसंस्कृतीची चर्चा करताना, आपल्या तोंडची साखर ज्यांच्या श्रमातून येते त्यांची शिदोरी आपण विसरू नये. याउलट आषाढी वारीच्या दिवसांत संपूर्ण रस्ताच एक पंगत होतो. पालखीमार्गावरील गावे वारकऱ्यांना बोलावून जेवू घालतात. तेथे बिल नसते आणि जात-गावही विचारले जात नाही. घराबाहेरच्या खाण्याचे हे आपल्याकडील सर्वांत जुने आणि उदात्त रूप म्हणावे लागेल.

आता बेकरीकडे वळू. पाव आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला, हे सर्वज्ञात आहे. पण तो आपल्या घरांत सुखासुखी शिरला नाही. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर उपस्थितांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद दीर्घकाळ गाजला. एका कपभर चहासाठी आणि बिस्किटासाठी एवढे वादळ उठलेल्या जिल्ह्यात आज प्रत्येक चौकात बेकरी आहे, हा बदल लहान नव्हे.

हा बदल घडवून आणण्यात माझ्या मते बेकरीच्या भट्टीवर भाजून आणलेल्या नानकटाईचा वाटा मोठा आहे. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गृहिणी घरचा मैदा, घरचे तूप आणि दळलेली साखर डब्यांत भरून बेकरीत जात. तेथे त्यांच्या डोळ्यांदेखत पीठ मळले जाई, पत्र्यावर गोळे मांडले जात आणि भट्टीतून निघालेली नानकटाई निववून त्याच डब्यांत भरली जाई. कारागिराला मजुरी तेवढी मिळे. आपल्या समाजातील कर्मठ घरांनाही या पद्धतीत आक्षेपार्ह काही वाटले नाही, कारण जिन्नस आपले होते आणि नजरही आपली होती. तयार बिस्किटाचा पुडा विकत घेण्याआधी आपल्या आज्या-आयांनी बेकरीवाल्याची अशी वर्षानुवर्षे परीक्षा घेतली, आणि मगच खारी, टोस्ट व क्रीमरोल यांना घरात प्रवेश मिळाला.

बारामतीत शिरले की चित्र बदलते. १९६२ साली अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले, पुढे विद्या प्रतिष्ठानचा विस्तार झाला आणि हे बाजाराचे गाव विद्यार्थ्यांचे शहर झाले. आज महाविद्यालयांच्या आसपास कॉफी, सँडविच, पिझ्झा देणारे छोटे कॅफे दिसतात. तेथील पदार्थांच्या दर्जाविषयी दुमत होऊ शकेल, पण एका गोष्टीचे मला मनापासून समाधान वाटते. आमच्या तरुणपणी हॉटेलात स्त्रियांसाठी पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असे आणि तेथेही त्या सोबत पुरुष असल्याशिवाय जात नसत. आज आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुली खिडकीजवळच्या टेबलावर वह्या उघडून बसतात, स्वतःच्या पैशाने कॉफी घेतात आणि निवांत घरी जातात. आपल्या आयांना जे टेबल मिळाले नाही, ते नातींना मिळाले.

या संदर्भात एक प्रसंग नमूद करावासा वाटतो. माझ्या आईने आयुष्यभर चौविहार पाळला आणि उतारवयात ती केवळ उकळलेले पाणी घेत असे. एकदा हिवाळ्यात डोळे तपासण्यासाठी तिला बारामतीला नेले होते. दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत साडेपाच वाजले. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सोमेश्वरनगरला पोहोचून जेवणे शक्य नव्हते. डबा बरोबर होता, पण बसायचे कोठे? जवळच्या एका साध्या हॉटेलात मी मालकांना अडचण सांगितली. त्यांनी कोपऱ्यातील टेबल स्वतः पुसून दिले. घासलेल्या पातेल्यात पाणी उकळून, निववून आणून दिले आणि म्हणाले, “आजी, सावकाश जेवा. सूर्य अजून वर आहे.” डबा आमचा, पाणी तेवढे त्यांचे; त्याचेही पैसे त्यांनी घेतले नाहीत. आई त्या आधी कधी हॉटेलाची पायरी चढली नव्हती. घरी आल्यावर तिने एवढेच म्हटले, “माणूस चांगला होता.” पदार्थ न खाताही एखाद्या हॉटेलाची पारख होऊ शकते, हे मला त्या दिवशी उमगले.

पुण्यास गेल्यावर निवड वाढते आणि सावधगिरीही वाढवावी लागते. डेक्कनवरचे १९३५ पासूनचे गुडलक, कॅम्पातील १९५५ पासूनची कयानी बेकरी ही त्या शहराची मानचिन्हे आहेत. इराण्याच्या हॉटेलातील बनमस्का आणि चहा ही एका पिढीची संस्कृतीच होती. आता अनेक उपाहारगृहांच्या यादीत ‘जैन’ असा स्वतंत्र विभाग असतो; पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चे केळे घालतात आणि कांदा-लसूण वगळतात. ही सोय आपल्या पूर्वीच्या पिढ्यांच्या चिकाटीने मिळाली आहे. त्यांनी प्रत्येक ठिकाणी विचारले, म्हणून आज आपल्याला छापील उत्तर मिळते.

स्पेनमधील तापासची पद्धत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. तेथे एक मोठे ताट न मागवता लहान लहान बश्या मध्ये ठेवून सारे मिळून खातात. सान सेबास्तियानसारख्या शहरात काडीला टोचलेले घास मांडलेले असतात आणि पुष्कळ ठिकाणी शेवटी उरलेल्या काड्या मोजून पैसे देतात, म्हणजे तेथेही हिशेब ग्राहकाच्या सचोटीवरच! मूळ प्रथा मद्याच्या सोबतीची असल्याने आणि बहुतेक बश्यांत मांस, मासे किंवा अंडे असल्याने ती आपल्याला जशीच्या तशी घेता येणार नाही. ऑलिव्ह, भाजलेले बदाम आणि तळलेल्या हिरव्या मिरच्या एवढेच आपल्या वाट्याला यायचे. परंतु एकाच टेबलावर निरनिराळ्या नियमांची माणसे बसू शकतात आणि ज्याने त्याने आपली बशी निवडावी, ही कल्पना मात्र घेण्यासारखी आहे. ज्या समाजाने बारामतीतील आपल्या शिक्षणसंस्थेला ‘अनेकान्त’ हे नाव दिले, त्याला ती परकी वाटू नये.

तरुण वाचकांसाठी काही व्यवहार्य सूचना कराव्याशा वाटतात. बंद पुड्यावरील चिन्ह अवश्य पाहावे. आपल्या कायद्यानुसार अंडे असलेला पदार्थ शाकाहारी चिन्हाने विकता येत नाही. बेकरीतील सुट्या केकवर मात्र चिन्ह नसते, तेथे स्पष्ट विचारावे. उसाच्या रसातही आले घालतात; रसवंतीवाल्याला आधीच सांगितले तर तो आले वगळून रस काढून देतो. घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर न्यायचे असेल तर संध्याकाळी पाचची वेळ धरावी; गर्दी नसते आणि त्यांचा नियमही सांभाळला जातो. ‘त्यांना चालत नाही’ असे म्हणून त्यांना घरी ठेवून जाणे सोपे आहे. वेळ बदलणे त्याहून थोडेसेच अवघड आहे. नियम सांगताना संकोच नको आणि तोराही नको. शांतपणे विचारल्यास बहुतेक जण खरे उत्तर देतात. जो दुकानदार “खात्री नाही, घेऊ नका” असे म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा निःशंकपणे जावे.

बँकेत आम्ही ठेवीदाराचा विश्वास हे सर्वांत मोठे भांडवल मानत असू. घराबाहेर खाणाराही एक प्रकारची ठेवच ठेवत असतो, आपल्या आरोग्याची आणि आपल्या व्रताची. सोमेश्वरनगरच्या बाकड्यावर असो वा पुण्याच्या कॅफेत असो, ही ठेव सांभाळणारी माणसे आपल्याकडे आहेत. पाहुण्यांनी “इथे काय आहे?” असे विचारल्यास त्यांना पदार्थांची यादी सांगण्याऐवजी अशा माणसांकडे घेऊन जावे. आणि जाताना घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला आधी विचारावे, “तुम्हाला किती वाजता निघायला सोयीचे होईल?”